पडद्याच्या दोन्ही बाजू

ज्यांनी लहानपणी गणेशोत्सवात रस्त्यावरचा सिनेमा पाहिला आहे, त्यांना पडद्याची गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही. दोन वाशांना पांढरे कापड ताणून बांधलेले असावयाचे आणि माणसे त्या कापडाच्या दोन्ही बाजूंना बसावयाची. यंत्राच्या बाजूस ज्यांना जागा मिळे ते मानकरी. उशिरा येणारे, कडेवर पोरे घेतलेल्या बायका, दिवसभर भाताच्या खाचरांत राबून आलेली वाडीवरची माणसे, ही सारी पलीकडे. पलीकडून चित्र दिसे, पण उलटे दिसे. नायक डाव्या हाताने जेवी, पाट्यांवरची अक्षरे आरशात पाहिल्यासारखी उमटत, आणि मोटार हाकणारा नेहमी भलत्याच अंगाला बसलेला असे. पहिली दहा मिनिटे हे डोळ्यांत खुपे. मग सवय होई.

‘मिस्टर इंडिया’ मी असा पलीकडून पाहिला. चित्रपट १९८७ सालच्या मे महिन्यातला. कर्जतला आमच्या आळीत तो त्यानंतरच्या कुठल्या तरी गणपतीत आला. शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि सलीम-जावेद या जोडीने लिहिलेल्या त्या चित्रपटातली युक्ती आज सर्वांना ठाऊक आहे. मनगटावरच्या एका यंत्राने माणूस अदृश्य होतो आणि तांबड्या उजेडात तेवढा दिसतो. त्यात एक प्रसंग असा आहे की, अदृश्य झालेला नायक मारुतीची मूर्ती उचलतो आणि तिच्याने गुंडांना बदडून काढतो. गुंडांना नायक दिसत नाही. त्यांना दिसतो तो हवेत तरंगत येऊन टोले देणारा मारुती. त्यांतला एक गोरा गुंड अखेर मार खाऊन खाऊन बजरंगबलीचा जयजयकार करू लागतो.

या ठिकाणी यंत्राच्या बाजूने शिट्ट्यांचा पाऊस पडला. आमच्या बाजूला माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मारुती दिसताच हात जोडले. मागच्या एका टारगट पोराने त्यांना डिवचले, ‘‘आजी, हात कसले जोडता? मूर्ती माणसाने धरलीय.’’ आजींनी मान न वळवता उत्तर दिले, ‘‘ठाऊक आहे रे मेल्या. माणसाने धरली म्हणून मारुतीचा दगड होतो होय?’’ आणि पुढच्याच क्षणी त्या गोऱ्याची फजिती पाहून तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पुढे मी शिक्षक झालो, चार पुस्तके वाचली, चार लिहिली. चित्रपटांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला. त्या इतिहासात प्रेक्षकांच्या भाबडेपणाच्या गोष्टी पानोपानी भेटतात, आणि प्रत्येक वेळी मला त्या आजी आठवतात. या गोष्टी सांगणारा नेहमी यंत्राच्या बाजूला बसलेला असतो, असा मला संशय आहे.

पहिली गोष्ट सर्वांत प्रसिद्ध. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी पडद्यावर आगगाडी आणली तेव्हा लोक अंगावर गाडी येते म्हणून खुर्च्या टाकून पळाले, असे सांगतात. असे पळाल्याचा त्या वेळचा भक्कम पुरावा मात्र अभ्यासकांना सापडलेला नाही. हाच खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, आणि त्यातही स्टेशनात शिरणारी आगगाडी होतीच. आता मुंबईची माणसे १८५३ पासून आगगाडीत बसत होती. आमच्या बोरघाटातून तर १८६३ पासून गाडी चढत होती आणि तिला मागून रेटा द्यावा लागतो हेही इकडच्या लोकांना माहीत होते. कापडावरची मुकी गाडी पाहून हे लोक दचकले असतील, नवल करीत राहिले असतील. पण पळाले असतील असे मला वाटत नाही. पळाल्याची गोष्ट मागाहून जन्मली. ती सांगण्यात एक सुख असते: ते तेव्हाचे अडाणी, आपण आताचे शहाणे.

दुसरी अमेरिकेतली. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स याने रेडिओवर मंगळावरच्या स्वारीचे नाटक बातम्यांच्या थाटात सादर केले आणि सारा देश घाबरून रस्त्यावर आला, असे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी छापले. काही माणसे खरोखरच घाबरली होती. पण देश वगैरे रस्त्यावर आला नव्हता. रेडिओने जाहिराती पळवल्यामुळे वर्तमानपत्रांचा त्याच्यावर राग होता, आणि हे निमित्त त्यांना आयते सापडले. असो.

तिसरी आपल्या घरची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

दादासाहेब फाळके हे आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’मुळे, म्हणजे १९१३ सालापासून माहीत असतात. त्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी एक चिमुकला चित्रपट केला होता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याचे रोज थोडे थोडे चित्रण करून, अंकुर फुटण्यापासून वेल वाढण्यापर्यंतची महिन्याभराची हालचाल त्यांनी पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखविली. भांडवल देणाऱ्याला पटावे म्हणून केलेली ही करामत होती. मला विचाराल तर आपल्याकडच्या वैज्ञानिक अद्भुताचा आरंभ त्या वाटाण्यात आहे. डोळ्याला जे कधीच दिसू शकत नाही ते यंत्राने दाखवावयाचे आणि पाहणाऱ्याने ते खरे की खोटे या प्रश्नात न अडकता चकित व्हावयाचे. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत. आपल्या नावाची अक्षरे उलटी करून ते ‘प्रोफेसर केळफा’ होत, आणि त्या नावाच्या जादूचा एक चित्रपटही त्यांनी काढला.

१९१७ साली त्यांचे ‘लंकादहन’ आले. त्याची गर्दी इतकी की तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. पडद्यावर राम येताच लोक पायांतल्या वहाणा काढीत, असेही सांगतात; आणि ते सांगताना सांगणारा बहुधा मंद हसतो. या हसणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच माणसाने केल्या होत्या. स्त्रिया पडद्यावर यावयास तयार नसल्यामुळे ‘हरिश्चंद्रा’त तारामती झालेले हेच साळुंके. म्हणजे वहाणा काढणाऱ्या प्रेक्षकासमोर रामाच्या विरहाने झुरणारी सीता आणि सीतेसाठी वणवण करणारा राम यांचे नाक-डोळे एकच होते. हे त्याला दिसत नव्हते काय? ज्याने जन्मभर जत्रेत मिशा काढलेल्या पुरुषाला नऊवारीत पाहिले, त्याला हे न दिसणे अशक्य. त्याला दिसत होते, आणि तरीही तो वहाणा काढीत होता.

या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे इंग्रजी शिकलेल्या टीकाकाराला कोडे वाटते. ते वाटू नये. आपल्या तमाशाचा आरंभ गणाने होतो. गणपतीला बोलावणे होते, डफ-तुणतुण्यावर त्याची स्तुती होते, बसलेली माणसे भक्तिभावाने ऐकतात. पाठोपाठ गौळण येते. तिच्यात कृष्ण असतो, म्हणजे प्रत्यक्ष देवच, आणि त्याच्याबरोबर बोबडा पेंद्या आणि बाईच्या वेषातली मावशी असते. मावशी त्या देवाची काय काय खिल्ली उडवीत नाही! आमच्याकडे घाटावरचे फड जत्रांना उतरत, तेव्हा गणाला हात जोडणारा म्हातारा गौळणीला मांडीवर थाप मारून हसताना मी पाहिला आहे. देव तोच, म्हातारा तोच, मधे अर्धा तासही गेलेला नाही. दक्षिण कोकणात दशावतारात संकासुर हेच करतो. एकनाथांच्या भारुडांत सोंगे येतात ती हसवीत हसवीत चिमटा घेण्यासाठीच. हात जोडणारे प्रेक्षक निराळे आणि हसणारे निराळे, असा हिशेब या परंपरेत कधी नव्हता.

आता फ्रान्सकडे पाहा. फाळक्यांसारखाच एक जादूगार, जॉर्ज मेलिएस, याने १९०२ साली चंद्रावरच्या प्रवासाचा चित्रपट केला. तोफेच्या गोळ्यात बसून निघालेले पंडित थेट चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततात, ते चित्र ज्याने पाहिले नाही असा माणूस विरळा. पृथ्वीवरून चंद्रावर जाण्याची ज्यूल व्हर्नची कादंबरी तोवर जगभर गेली होती. आपल्याकडे ‘केरळकोकिळ’ मासिकाने ती सफर १९०० पासून क्रमशः मराठी वाचकांना घडवली होती. पण व्हर्न गणित मांडतो आणि मेलिएस टिंगल करतो. त्याचे खगोलशास्त्रज्ञ मांत्रिकांच्या उंच टोप्या घालून आरडाओरडा करीत सभा भरवितात. त्यांच्या दुर्बिणी बघता बघता बसावयाची स्टुले होतात. चंद्रावर उतरल्यावर हे विद्वान तिथल्या रहिवाशांना छत्रीच्या फटक्याने धूर करून टाकतात आणि परतल्यावर आपल्या म्होरक्याचा पुतळा उभारतात. साम्राज्ये वाढवीत निघालेल्या त्या काळच्या युरोपावरचा हा उपरोध अगदी उघड आहे. आणि तरीही कित्येक वर्षे तो चित्रपट ‘बालकांसाठी गंमत’ म्हणून दाखविला जात होता. डोळ्यात रुतलेला गोळा सर्वांना दिसला. छत्री फार थोड्यांना दिसली.

वैज्ञानिक अद्भुताच्या चित्रपटांत हे वारंवार घडते. डोळ्यांसमोर इतका चमत्कार चालू असतो की बोलणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यातले हसू निसटून जाते. याचा नमुना म्हणून एका परदेशी चित्रपटाची हकीकत सांगतो, कारण तिच्यात आमच्या आळीतले एक गृहस्थ येतात.

रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाने १९५९ साली ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही कादंबरी लिहिली. परग्रहावरच्या प्रचंड किड्यांशी माणसांचे युद्ध आणि ज्याने लष्करी वा तत्सम सेवा केली त्यालाच मताचा अधिकार, असा तिचा मामला. लेखकाने ते गंभीरपणे लिहिले होते. १९९७ साली पॉल व्हरहोव्हन याने तिच्यावर चित्रपट काढला. हा डच माणूस १९३८ साली जन्मला आणि हेग शहरात जर्मन टाचेखाली वाढला. त्याने बालपणी बाँब पडताना पाहिले होते. कादंबरीची थोडी प्रकरणे वाचून कंटाळून आपण ती मिटली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्याने केले असे की, नाझी प्रचारपटांच्या घाटाची दृश्ये मुद्दाम उचलली, सर्व पात्रे जाहिरातीतल्यासारखी देखणी निवडली, सरकारी बातमीपटांचे तुकडे मधे मधे पेरले आणि सारा चित्रपट त्या सरकारनेच काढला आहे अशा आविर्भावात सादर केला. फजिती अशी झाली की, अमेरिकेतल्या काही नामांकित समीक्षकांनी तो उपरोध न ओळखता चित्रपटालाच फॅसिस्ट ठरविले. कोणी नुसता किड्यांचा मारधाडपट म्हणून सोडून दिला. त्याचे खरे स्वरूप बहुतेकांच्या ध्यानात यावयास पुढली दहा-पंधरा वर्षे गेली.

आमच्याकडे तो केबलवर हिंदी आवाज चढवून लागला होता. माझ्याबरोबरीची पोरे किडे मोजत होती. मला स्वतःला तो भाडोत्री शौर्याचा वाटला आणि तसे मी मोठ्या अधिकाराने बोलूनही दाखविले. खोलीत आमच्या शेजारचे सुभेदारकाका बसले होते, मूळचे महाडकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. तेही पाहत होते. नायक भरती होतो तेव्हा टेबलामागचा अधिकारी त्याचे अभिनंदन करतो, पायदळानेच मला आजचा मी केले असे अभिमानाने सांगतो. आणि तो मागे सरकतो तेव्हा दिसते की त्याला पाय नाहीत. सुभेदारकाका मोठ्याने हसले. एकटेच हसले. मी विचारले, ‘‘यात हसण्यासारखे काय आहे, काका?’’ ते म्हणाले, ‘‘ज्याने हे दाखवलं त्याने लढाई बघितलेली असणार.’’ व्हरहोव्हनच्या बालपणाची हकीकत मी फार पुढे वाचली. त्या दिवशी मात्र शाळेत मुलांना उपरोध अलंकार शिकविणारा मी, सातवीपर्यंत शिकलेल्या एका सुभेदाराच्या मानाने पडद्याच्या उलट्या बाजूला बसलो होतो.

मग १९ डिसेंबर २०१४ रोजी ‘पीके’ आला. नागपूरच्या राजकुमार हिरानी यांचा हा चित्रपट तांत्रिक दृष्ट्या वैज्ञानिक अद्भुताचाच. परग्रहावरचा एक पाहुणा पृथ्वीवर उतरतो, त्याचे परतीचे यंत्र चोरीला जाते आणि ते देव मिळवून देईल असे जो तो सांगतो म्हणून तो देवाचा पत्ता शोधीत फिरतो. दूरच्या ग्रहावरून पाहुणा आणून त्याच्या तोंडून आपल्या वेडेपणावर बोट ठेवण्याची युक्ती जुनी आहे. फ्रान्सच्या व्होल्तेरने १७५२ सालच्या ‘मिक्रोमेगास’मध्ये ती वापरली होती. पण व्होल्तेरच्या वाचकांनी छापखान्यांपुढे निदर्शने केली नव्हती. ‘पीके’च्या वेळी अहमदाबाद, भोपाळ इत्यादी ठिकाणी चित्रगृहांची मोडतोड झाली, फलक जाळले गेले. त्याच सुमारास उत्तर प्रदेश आणि बिहार सरकारांनी त्यावरचा करमणूक कर माफ केला. प्रकरण न्यायालयांत गेले. चित्रपट येण्यापूर्वीच त्याच्या जाहिरातीबद्दल सर्वोच्च न्यायालयात तक्रार झाली होती, आणि ज्याला आवडत नाही त्याने पाहू नये अशा अर्थाचे बोलून न्यायालयाने ती फेटाळली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयानेही त्यावरची याचिका मान्य केली नाही. एकच चित्रपट, एकच महिना. एका गावात कर माफ आणि दुसऱ्या गावात काचा फुटलेल्या.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावरून जे झाले ते मला वर्तमानपत्रांतल्या वादापेक्षा महत्त्वाचे वाटते. आमचे एक सहकारी, माणूस अतिशय सज्जन, त्या चित्रपटाने मनापासून दुखावले होते. शंकराचे सोंग घेतलेल्या नटाला पाहुणा देव समजून पाठलाग करतो आणि तो नट जिवाच्या भीतीने पळत सुटतो, तो प्रसंग त्यांना सहन झाला नव्हता. मी माझे ठेवणीतले शस्त्र काढले. गण-गौळण सांगितली, मावशी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘पेंद्या आमच्यातला होता हो. तो चिडवील नाही तर काय करील? पण हा बाहेरून आला आहे. घरातल्या पोराने आईची नक्कल केली तर आई हसते. वाटसरूने केली तर?’’

मला उत्तर सुचले नाही. आजही पुरते सुचलेले नाही. कारण या म्हणण्यात उपरोधाचे मर्मच आहे. चिमटा कोण घेतो याला किंमत असते. व्होल्तेर काय, हिरानी काय, पाहुणा बाहेरून आणतात तो याचसाठी, की घरातल्या कोणी बोलावयाची सोय उरलेली नसते. पण तो बाहेरचा आहे, हीच मग त्याच्याविरुद्ध पहिली तक्रार होते. मला एवढेच म्हणावयाचे होते की पेंद्या आमच्यातला असताना आम्ही त्याचे तरी किती दिवस ऐकले? तमाशा गावाबाहेरच उतरला ना? पण त्या वेळी घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गांवर गेलो.

याच चित्रपटाबद्दल एका वृद्ध वारकऱ्याचे मत मी ऐकले ते अगदीच निराळे. त्यांनी मुलाच्या आग्रहावरून तो पाहिला होता. त्यांना पाहुणा, ग्रह, यंत्र यांपैकी कशाचेच नवल वाटले नव्हते. ‘‘आमच्या गाडगेबाबांचं कीर्तन असंच असे,’’ ते म्हणाले. गाडगेबाबा १९५६ साली वारले. त्यांच्या कीर्तनाची पद्धत प्रश्न विचारण्याची होती. देव पाहिला का, कुठे राहतो, नवसाने काय होते, असे ते अडाण्याच्या भोळेपणाने विचारीत आणि हजारो माणसांकडून उत्तर वदवून घेत. डोक्यावर गाडगे आणि अंगावर चिंध्या घेऊन आलेला तो माणूस एका अर्थी परग्रहावरचाच होता. वारकरीबुवांना चित्रपट आवडला होता. तक्रार एकच होती: ‘‘त्यात भजन नाही. नुसतं विचारून माणसाला घरी पाठवायचं नसतं.’’

आता आमच्या तालुक्यांबद्दल.

कर्जत आणि खालापूर हे सिनेमाचे मुलूख आहेत असे कोणी म्हटले तर बाहेरच्याला हसू येईल. पण पाहा. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याकडच्या धरणांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून टाटांनी मुंबईच्या गिरण्या चालविल्या. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर झाले. मुंबईच्या चित्रगृहांत पुढे जो उजेड पडला त्यातला काही वाटा आमच्या डोंगरांचा होता. डोंगरातल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर मात्र त्यानंतर कित्येक दशके रॉकेलची चिमणीच होती. २००५ साली चौकजवळ नितीन देसाई यांनी आपला स्टुडिओ उभारला. लोक त्याला कर्जतचा म्हणतात, पण तालुका खालापूर. ‘जोधा अकबर’साठी तिथे मोगलांचे महाल उभे राहिले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका हे करमणुकीचे उद्यान निघाले आणि तिथे चक्क ‘मिस्टर इंडिया’ची स्वारी ठेवलेली होती. आम्ही मुलांची सहल तिथे नेली होती. खुर्च्या गदागदा हलतात, पडद्यावर सारे अंगावर येते, मुले किंचाळतात. मला त्यात चुकल्यासारखे वाटले ते एवढेच की, धान्यात खडे मिसळणाऱ्याला तेच खडे चावावयास लावणारा माझ्या लहानपणचा ‘मिस्टर इंडिया’ त्या हलत्या खुर्च्यांत कुठे सापडला नाही. पण ही म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची कुरकुर झाली. मुले खूश होती.

ज्या चित्रपटाने मला अखेरीस गप्प केले तो चांगला चित्रपट नाही, हे आधीच सांगतो. शिरीष कुंदर यांचा ‘जोकर’, ३१ ऑगस्ट २०१२ चा. तो पडला, आणि पडावा असाच होता. त्यात पगलापूर नावाचे गाव आहे. हे गाव देशाच्या नकाशावरच नाही. तिथे वीज नाही, पाणी नाही, आणि कोणत्याही सरकारी कचेरीत त्याची नोंद नसल्यामुळे तक्रार तरी कुठे करावी हा प्रश्न. तेव्हा अमेरिकेहून परत आलेला तिथला मुलगा युक्ती काढतो. शेतात परग्रहावरच्या यानाच्या खुणा उमटवतो, गावकऱ्यांना रंगवून परग्रहवासी करतो, आणि मग काय विचारता! वार्ताहर येतात, कॅमेरे येतात, मंत्री येतात, फौज येते. श्रेयस तळपदे त्यात कुणालाही न कळणारी भाषा बोलतो.

हा चित्रपट दूरदर्शन संचावर वरचेवर लागे. एकदा पावसाने शाळा लवकर सुटली, वाडीवरच्या मुलांना ओढा उतरेपर्यंत थांबवून घेणे भाग होते, म्हणून आम्ही त्यांना संचासमोर बसविले. तेव्हा हाच चालू होता. गावातली मुले हसत होती. मीही हसत होतो, थोडा चित्रपटाला आणि थोडा चित्रपटाच्या दर्जाला. वाडीवरची चार-पाच मुले हसत नव्हती. त्यांतला एक, नववीतला, एकाग्र होऊन पाहत होता. मी त्याला शिक्षकी थाटात समजावू लागलो की बाळ, हे विडंबन आहे, म्हणजे मुद्दाम वाढवून सांगितले आहे, हे खरे समजावयाचे नसते. तो म्हणाला, ‘‘सर, खोटं काय आहे त्यात? परग्रहावरचे लोक सोडले तर.’’

मुले हसली, आणि हसू आवरण्यासाठी मी त्याला जरा दटावलेही. ते दटावणे मला अजून आठवते. त्याच्या वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणीत. हे मला माहीत होते. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे पावसाळ्यातल्या गैरहजेरीच्या फुल्या मीच मारीत होतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तालुका खालापूर, खाली चौक, त्या स्टुडिओपासून फारशी लांब नाही. वाडीवर गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत आणि माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. शोध थांबविला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. दरडीच्या धोक्याच्या गावांची सरकारपाशी यादी असते. त्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच सांगितले.

आम्ही शाळेकडून चादरी आणि भांडी घेऊन पायथ्याशी गेलो होतो. पाऊस थांबत नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारी, वर तबकड्या लावलेल्या वार्ताहरांच्या गाड्या, दिवे, छत्र्या, शासकीय वाहनांची रांग. एक तरुण वार्ताहर एका भिजलेल्या म्हाताऱ्याला वाडीचे नाव पुन्हा पुन्हा विचारीत होती आणि तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सामान उतरविणाऱ्यांत कोणी तरी मला ‘‘सर’’ म्हणून हाक मारली. वळून पाहिले तर तोच मुलगा, आता चांगला बाप्या झालेला, खोपोलीला कारखान्यात लागलेला. आपल्या वाडीवरची चार पोरे घेऊन आला होता. आम्ही दोघे थोडा वेळ त्या दिव्यांकडे आणि कॅमेऱ्यांकडे पाहत उभे राहिलो.

‘‘आता नकाशावर येईल, सर,’’ तो म्हणाला, आणि चादरींचे गाठोडे खांद्यावर घेऊन रांगेत पुढे सरकला.